शून्य कॅल्शियमचं पाणी: बोकडाच्या धमनीवरच्या प्रयोगाच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

एम.फार्म.चं दुसरं वर्ष, पुणे. प्रकल्पाचा विषय मिळाला: धमनीच्या भिंतीतला स्नायू आकसतो तेव्हा लागणारं कॅल्शियम बाहेरून किती येतं आणि पेशीच्या आतल्या साठ्यातून किती सुटतं. पेशीत शिरणारं कॅल्शियम डोळ्यांनी बघायला चकाकणारे रंग आणि महागडा सूक्ष्मदर्शक लागतो. तो आमच्याकडे नाही. म्हणून जुनाच मार्ग: धमनीची चकती ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवणाऱ्या कोमट द्रावणाच्या काचेच्या भांड्यात) टांगायची, तिचा ताण मोजायचा आणि द्रावणातलं कॅल्शियम काढत-घालत राहायचं.

उंदराऐवजी बोकड. उंदरासाठी प्राणी-नीती समितीची बैठक होईपर्यंत सेमिस्टर संपेल. मटणाच्या दुकानातल्या ऊतीसाठी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी समितीला पत्र दिलं, काम झालं.

कॉलेजचा ऑर्गन बाथ आहे, २० मिलीचा. ताण मोजणारं यंत्र तीन वर्षं बंद. पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून १०० ग्रॅमचा लोड सेल, म्हणजे ताण मोजणारा सेन्सर (४५० रुपये), त्याचा संकेत वाचणारं एचएक्स ७११चं कार्ड (९०) आणि आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाची नक्कल (३५०) आणली.

१४ जून, शुक्रवार

क्रेब्ज द्रावण केलं, म्हणजे ऊती जिवंत ठेवणारं, रक्तातल्यासारखे क्षार असलेलं पाणी. एक लिटरला: मीठ ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचं) ०.३, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडा बायकार्ब २.१, ग्लुकोज २, कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचं) ०.३७.

सगळं एकदम ओतून ढवळलं आणि बीकरमध्ये ताक झालं. फॉस्फेट, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम एकत्र आले की गाळ बसतोच. दुसऱ्यांदा कॅल्शियम शेवटी घातलं, स्वच्छ राहिलं. बाथमध्ये माशांच्या टाकीचा पंप लावून हवा सोडली, तर अर्ध्या तासात पुन्हा गढूळ. पीएच बघितला तर ८.३. हवेत कार्बन डायऑक्साइड जवळजवळ नसतोच, त्यामुळे द्रावणातला उडून जातो, पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. कोंबडीच्या आतड्याच्या प्रॅक्टिकलला आपण हाच पंप वापरतो. तिथे चालून जातं, कारण तिथे कॅल्शियमचा हिशेब कोणी मागत नाही.

कार्बोजेन, म्हणजे ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, हवाच. सिलिंडरची ऑर्डर दिली. गॅस, भाडं, अनामत धरून साडेनऊ हजार. यायला आठवडा.

२१ जून, शुक्रवार

पहिला बोकड. पहाटे सहाला दुकानात.

"भाऊ, मोठी नळी हवी होती, पाठीच्या कण्याला लागून असते ती."

भाऊंनी दोन सेकंदांत नळीची दोन हाडं कागदात बांधून दिली. रश्श्याला उत्तम. मग मोबाइलवर चित्र दाखवलं. "अहो ताई, शीर म्हणा ना!" महाधमनी काढली, आणि मी थर्मासचं झाकण उघडेपर्यंत नळाखाली खळखळून धुऊन हातात दिली. माझ्यासाठी म्हणून मुद्दाम स्वच्छ करून. साध्या पाण्यात पेशी फुगतात. तरी लॅबला आणून टांगली. दोन तासांत काहीही नाही.

दुसऱ्या दिवशी न धुतलेली मिळाली. ती जिवंत होती, पण आकसवायला दिलेल्या ८० मिलिमोलर (तीव्रतेचं माप) पोटॅशियमला जेमतेम ०.३ ग्रॅम ताण दिला. बोकडाची महाधमनी म्हणजे जवळजवळ रबर, स्नायू कमी. मॅडम म्हणाल्या, आतड्याची धमनी घे. ती वजडीबरोबर येते. वजडीचा पडदा पसरला की पंख्यासारख्या फाकलेल्या शिरा दिसतात. जोडीजोडीनं जातात, त्यातली पांढरट, जाड भिंतीची, दाबली तरी गोल राहणारी ती धमनी. पातळ, रक्तानं काळी दिसणारी सोडून द्यायची.

भाऊंना तीन गोष्टी पढवल्या: धुवायची नाही, बर्फाला थेट लावायची नाही, थंड क्रेब्जच्या बाटलीत लगेच टाकायची. बर्फाला चिकटलेला तुकडा गोठतो, तो गेला.

२७ जून, गुरुवार

आज बोकड नाही, गुरुवार. सोमवार-गुरुवार-शनिवार दुकानात गर्दी नसते, माल कमी कापतात. माझं वेळापत्रक आता उपासांवर चालतं.

दिवस लोड सेलवर गेला. मोकळा असतानाही आकडा तासाला २०० मिलिग्रॅमनं सरकत होता. बाथची वाफ थेट त्याच्यावर जात होती. मध्ये ॲक्रिलिकची पट्टी आडवी लावली, सेल दहा सेंटीमीटर वर घेतला, सुरू करून पाऊण तास तापू दिला. आता सरकणं २० मिलिग्रॅमवर आलं. मोजमाप जुळवायला फार्मसीच्या पेटीतली १, २ आणि ५ ग्रॅमची वजनं लावली. बुडबुड्यांचा थरथराट मात्र आलेखात दिसतोच, म्हणून नळी भिंतीलगत नेली आणि प्रवाह इतका कमी केला की बुडबुडे मोजता येतील.

आकडे पेपरक्लिपचे केले होते. ते गंजले. दातांच्या सामानाच्या दुकानातून स्टेनलेस तार आणली, ६० रुपये.

३ जुलै, बुधवार

कार्बोजेन आला. ३ मिलिमीटर रुंदीच्या चकत्या, २ ग्रॅम ताण, ३७ अंश, दीड तास विसावा, दर पंधरा मिनिटांनी द्रावण बदल. मग ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचं अर्धा मिली थेट बाथमध्ये. रेघ सरळ वर गेली! ३.४ ग्रॅम. मी लॅबमध्ये ओरडले.

मॅडमनी आलेख बघितला आणि विचारलं, मीठ कमी केलंस का? नव्हतं केलं. असं वरून ओतलं की द्रावणात सुमारे १५० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) जास्तीचे येतात, म्हणजे एकूण मूळच्या दीडपट. पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ताणातला किती भाग कॅल्शियमचा, किती या खारेपणाचा, ते सांगता येत नाही. उच्च पोटॅशियमचं द्रावण वेगळं करायचं: मीठ २.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ५.९६, बाकी तेच. आणि बाथ पूर्ण रिकामा करून ते भरायचं. नवा आकडा ३.१ ग्रॅम, आणि माथा सपाट. आधीचा हेलकावे खात होता.

आणखी एक. आतड्याच्या धमनीत चेतातंतूंचं जाळं दाट असतं. पोटॅशियम त्यांनाही भडकवतं आणि त्यांतून नॉरॲड्रेनलिन गळतं, तेही धमनी आकसवतं. म्हणजे आपण एक दार उघडतोय असं समजतो आणि दोन उघडतात. यापुढे पोटॅशियमच्या प्रत्येक द्रावणात नॉरॲड्रेनलिनचा परिणाम अडवणारं फेंटोलामीन १ मायक्रोमोलर.

९ जुलै, मंगळवार

आज मुख्य चाचणी. कॅल्शियम न घातलेल्या क्रेब्जमध्ये वीस मिनिटं, तीनदा बदल, मग कॅल्शियम न घातलेलंच उच्च पोटॅशियम. पोटॅशियमनं पेशीपटलातली एल-प्रकारची दारं उघडतात, पण बाहेर कॅल्शियमच नाही तर आत येणार काय? रेघ सपाट राहायला हवी.

१ ग्रॅमनं वर गेली. नेहमीच्या ताणाचा तिसरा हिस्सा.

१२ जुलै, शुक्रवार

पुन्हा तेच. चार चकत्या, दोन बोकड. काचसामान आम्लानं धुतलं. पोटॅशियम क्लोराइडची बाटली बदलली. चकतीच्या चरबीत कॅल्शियम अडकलं असेल म्हणून तासभर धुतली. तरी ०.९ ग्रॅम. मी वहीत लिहून ठेवलं होतं, "बोकडाच्या धमनीत आतला साठा पोटॅशियमनं सुटत असावा". हे वाक्य खोडलेलं नाही, तसंच ठेवलंय. लाज वाटावी म्हणून.

१६ जुलै, मंगळवार

सापडलं. पाणी.

बी.फार्म.च्या पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू होतं, पाण्याचा जडपणा. मुलांकडचं ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं रसायन) उसनं घेतलं आणि "डिस्टिल्ड वॉटर" लिहिलेल्या आमच्या कॅनमधलं ५० मिली घेतलं. बफर, एरिओक्रोम ब्लॅक या रंगाची चिमूट. शुद्ध पाणी असतं तर लगेच निळं व्हायला हवं होतं. झालं वाइनसारखं लाल. ०.०१ मोलर ईडीटीएचे १.३ मिली गेले तेव्हा निळं झालं. म्हणजे लिटरला २६ मिलिग्रॅम जडपणा, ०.२६ मिलिमोलर. यात थोडं मॅग्नेशियम असेल, पण निम्मं जरी कॅल्शियम धरलं तरी धमनीला पुष्कळ.

डिस्टिलेशनच्या भांड्याची कॉइल मे महिन्यात क्षार चढून जळाली होती. लॅबमधले काका तेव्हापासून कॅन व्हरांड्यातल्या आरओतून भरत होते. त्यांनी कोणापासून लपवलं नव्हतं, कोणी विचारलंच नव्हतं. नेहमीच्या क्रेब्जमध्ये २.५ चं २.७ झालं तरी कोणाला कळतंय? शून्य करायला गेलं तेव्हाच ते उघडं पडलं.

मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, तू मोठ्या माणसांच्या रांगेत आहेस. लंडनच्या सिडनी रिंगरनं १८८२ मध्ये बेडकाच्या हृदयावरचे निष्कर्ष छापले आणि १८८३ मध्ये स्वतःच दुरुस्ती केली: द्रावण डिस्टिल्ड पाण्यातलं समजत होतो, ते निघालं न्यू रिव्हर वॉटर कंपनीचं नळाचं. खऱ्या डिस्टिल्ड पाण्यात हृदय थांबलं, आणि त्यातून कॅल्शियमचं महत्त्व कळलं. त्याला शोध मिळाला, माझे आठ दिवस गेले.

नवी कॉइल १,४०० रुपये. सगळं काचेचं भांडं, दोनदा ऊर्ध्वपातन, प्लास्टिकच्या बाटलीत साठवण.

२२-२४ जुलै

चांगलं पाणी मिळूनही ०.२ ग्रॅम उरलंच. रसायनांतल्या अशुद्धीतून आणि ऊतीतून थोडं कॅल्शियम येतच राहतं. त्याला पकडायला ईजीटीए. ईडीटीए नको, ते मॅग्नेशियमही ओढून नेतं. ईजीटीए साध्या पाण्यात विरघळत नाही, तळाला साखरेसारखं बसून राहतं. सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत पीएच ७.५ च्या पुढे नेला की एकदम निवळतं. १०० मिलिमोलरच्या ५० मिलीला १.९ ग्रॅम.

बाथमध्ये १ मिलिमोलर घातलं. पोटॅशियमला रेघ हललीसुद्धा नाही. आता टप्प्याटप्प्यानं कॅल्शियम परत घालत गेले: ०.०३, ०.१, ०.३... काही नाही. १ वर किंचित. ३ ला धाडकन पूर्ण आकसली. आलेख पायरीसारखा. मला वाटलं, वा, काय तीव्र उंबरठा आहे!

उंबरठा कसला. बाथमध्ये १ मिलिमोलर ईजीटीए बसलेलं होतं आणि पहिलं १ मिलिमोलर कॅल्शियम तेच गिळत होतं. धमनीला दिसत होतं ते त्याच्या वरचं. ही चूक आलेख सुंदर दिसतो म्हणून लक्षात येत नाही, म्हणून इथे ठळक लिहितेय.

आता पद्धत अशी: ईजीटीए ०.१ मिलिमोलर, दहाच मिनिटं. मग ईजीटीए नसलेल्या शून्य कॅल्शियमच्या द्रावणानं तीन धुण्या. मग उच्च पोटॅशियम, आणि मग कॅल्शियम. एक चकती मी २ मिलिमोलर ईजीटीएत पाऊण तास ठेवून बघितली. ती पुन्हा कधीच पूर्ण आकसली नाही.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रस्त्यावर सोसायट्यांत शिरलं. कालच्या धमन्या थंड क्रेब्जमध्ये फ्रीजमध्ये होत्या म्हणून कशीबशी लॅबला पोचले. वीज दोनदा गेली, बाथ ३१ अंशांवर आला. आकसणं निम्म्या वेगानं. आजची नोंद धरायची नाही. घरी परत जायला अडीच तास.

३० जुलै, मंगळवार

आतला साठा. आज पहिल्यांदा मजा आली.

शून्य कॅल्शियममध्ये दोन मिनिटं, मग फिनिलएफ्रिन, नॉरॲड्रेनलिनसारखं धमनी आकसवणारं औषध, १० मायक्रोमोलर. रेघ उसळली, ०.९ ग्रॅमपर्यंत गेली आणि दोन-तीन मिनिटांत खाली आली. बाहेर काहीच नसताना आलेली ही उसळी म्हणजे पेशीच्या आतल्या जाळीत ठेवलेलं कॅल्शियम. धुऊन, तशाच शून्यात दुसऱ्यांदा दिलं: ०.१. तिजोरी रिकामी. २.५ मिलिमोलरच्या क्रेब्जमध्ये अर्धा तास ठेवलं, पुन्हा शून्यात नेऊन दिलं: ०.८. बाहेरून भरून घेतलं.

सकाळच्या चकतीत हे दिसलंच नव्हतं, कारण ती मी शून्यात वीस मिनिटं ठेवून मग औषध दिलं. साठा स्वस्थ बसत नाही, गळत राहतो. दोन मिनिटं म्हणजे दोनच. घड्याळ लावा.

४ ऑगस्ट, रविवार

गटारी. पहाटे साडेपाचला रांगेत माझ्यापुढे चाळीस माणसं. भाऊंनी लांबूनच हाक मारली, "शीरवाल्या ताईंना पुढे येऊ द्या," आणि अख्खी रांग वळून बघायला लागली. एका दिवसात तीन बोकडांच्या धमन्या. उद्यापासून श्रावण, त्यामुळे जेवढं जमेल तेवढं आजच. रात्री अकराला लॅब बंद केली.

अंतःस्तर, म्हणजे धमनीचा सगळ्यात आतला पातळ थर, काढायचं जमलं. दातकोरणीला कापसाचा धागा गुंडाळून चकतीच्या आतून हलकेच दहा वेळा फिरवायचा. फिनिलएफ्रिननं आकसवून ॲसिटिलकोलीन (अंतःस्तरामार्फत धमनी सैल करणारं द्रव्य) १ मायक्रोमोलर दिलं तर चकती सैल पडता कामा नये. पडली, तर अंतःस्तर शिल्लक आहे. फर्चगॉट आणि झवाड्झ्की यांनी १९८० मध्ये दाखवलं ते हेच: आतला थर घासला गेला की सैल पडणं जातं. मी पहिल्या दोन चकत्या इतक्या जोरात घासल्या की स्नायूही सोलला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

निफेडिपीन. एल-प्रकारचं दार बंद करणारं औषध, रक्तदाबाच्या गोळीतलंच. १ मायक्रोमोलरनं पोटॅशियमचं आकसणं जवळपास पुसलं जायला हवं. सकाळी पुसलं. दुपारी त्याच बाटलीतून दिलं तर निम्मंच. संध्याकाळी काहीच फरक नाही.

बाटली खिडकीत होती. निफेडिपीनला उजेड चालत नाही, दिवसाचा तर अजिबात नाही. आता बाटलीला पोळ्यांच्या डब्याचा फॉइल, बाथभोवती काळं कापड, आणि ट्यूबलाइट बंद करून लाल झिरो बल्ब. शिपाईमामा आत डोकावून म्हणाले, "देव्हारा केलात की काय?"

औषध नळ्यांना चिकटून राहतं हेही कळलं. दुसऱ्या दिवशीची औषध न दिलेली चकतीसुद्धा दबलेली होती. बाथ आणि नळ्या अल्कोहोलनं धुतल्यावर ठीक.

१३ ऑगस्ट, मंगळवार

श्रावणात आठवड्याला एक बोकड, तोही नशिबानं. एकाच दिवसात जास्तीत जास्त काढायचं.

निफेडिपीन ठेवून सायक्लोपियाझोनिक आम्ल १० मायक्रोमोलर. हे साठ्यात कॅल्शियम परत भरणारा पंप अडवतं. (५ मिलिग्रॅमच्या बाटलीचं बिल चार आकड्यांत मावलं नाही. मॅडमच्या अनुदानातून.) वीस मिनिटांनी शून्य कॅल्शियममध्ये फिनिलएफ्रिन: उसळी नाही, साठा रिकामा. आता बाहेर २.५ मिलिमोलर कॅल्शियम दिलं. एल-दार बंद असूनही रेघ हळूहळू चढली, ०.५ ग्रॅम, आणि तिथेच थांबली. साठा रिकामा झाला की उघडणारी वेगळी वाट. तीन चकत्यांत दिसली, चौथीत नाही. चौथी शेवटची, सकाळपासून अकरा तास टांगलेली होती, म्हणून तिच्यावर फार भरवसा नाही.

फक्त डीएमएसओ, म्हणजे औषध ज्यात विरघळवलं तो द्रव, दिलेली चकती सोबत चालवायला विसरले. म्हणजे हे सगळं पुन्हा करायचंय.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपती, सुट्टी, मॅडम गावाला. आकडे मांडले. माझ्याकडे धड चाललेल्या बावीस चकत्या आहेत असं सांगत फिरत होते. संख्याशास्त्राच्या सरांनी विचारलं, बोकड किती? सात. मग तुझी संख्या सात. एकाच बोकडाच्या चार चकत्या म्हणजे चार बोकड नव्हेत. त्यातले तीन बोकड आरओच्या पाण्याच्या काळातले. उरले चार.

२० सप्टेंबर, शुक्रवार

डीएमएसओची जोडी झाली, दोन बोकडांत, त्यात रेघ सपाट राहिली. एकूण सहा. कॅल्शियमचा आलेख ०.१ मिलिमोलरला उठतो, २.५ च्या आसपास टेकतो. १० मिलिमोलर देऊन बघू नका, बाथमध्ये पुन्हा ताक होतं. निफेडिपीनमध्ये तोच आलेख जमिनीला लागून जातो. फिनिलएफ्रिनचं टिकून राहणारं आकसणं मात्र निफेडिपीननं निम्मंच कमी होतं.

माझ्या खिशातून आणि कॉलेजच्या मिळून आतापर्यंत सव्वीस हजार, महागडं आम्ल सोडून. तीन महिन्यांपैकी पाच आठवडे द्रावणांत गेले. सोडियमच्या बदल्यात कॅल्शियम बाहेर टाकणारी वाट बघायची राहिली. त्यासाठी सोडियमच काढावं लागतं, आणि पुन्हा सगळी द्रावणं नव्यानं.

दर सोमवारी कॅनमधल्या पाण्याचं टायट्रेशन करते. काका आता स्वतःहून ५० मिली काढून ठेवतात. या सोमवारी पहिल्याच थेंबाला निळं झालं. रविवारी सकाळी सहाला वजडी सांगून ठेवली आहे.